वाढ, दारिद्र्य आणि मधला पाट : धाराशिवच्या निमित्ताने

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘आकांक्षित जिल्हे’ हा कार्यक्रम सुरू केला. मागास म्हणण्याऐवजी आकांक्षित म्हणायचे, एवढे सौजन्य त्या नावात होते. महाराष्ट्रातले चार जिल्हे यादीत आले : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. गडचिरोली आणि नंदुरबारचे कोणाला नवल वाटले नाही. धाराशिव मात्र दुर्गम नाही. सोलापूर तास-दीड तासावर आहे, पुणे एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे, जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, तुळजापूरला वर्षभर भाविकांचा राबता आहे. देशाच्या उत्पन्नात तेरा-चौदा टक्के भर घालणाऱ्या राज्याचा हा भाग आहे. तरीही तो यादीत आला. आर्थिक वाढीने दारिद्र्य हटते का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून काढून तपासायचा असेल तर याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

प्रश्न जुना आहे. आपल्याकडे तो सर्वांत कडाक्याने लढला गेला २०१३ च्या सुमारास. एका बाजूला जगदीश भगवती आणि अरविंद पनगढिया यांचे ‘व्हाय ग्रोथ मॅटर्स’, दुसऱ्या बाजूला ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचे ‘ॲन अनसर्टन ग्लोरी’. वर्तमानपत्रांनी त्याला कुस्तीचे रूप दिले, पण दोन्ही पुस्तके शांतपणे वाचली तर अंतर वाटते तेवढे मोठे नाही. भगवतींचे म्हणणे असे की वाढ दोन मार्गांनी गरिबाकडे येते : एक, रोजगार निर्माण करून थेट; दोन, सरकारच्या तिजोरीत कर भरून, ज्यातून शाळा-दवाखाने चालतात. सेन-द्रेझ वाढीला नाकारत नाहीत. लोक शिकलेले आणि निरोगी नसतील तर वाढच लंगडते आणि तिचे फळ थोड्यांच्या हाती राहते, हा त्यांचा आग्रह. दोन्ही पुस्तकांवरचा माझा आक्षेप एकच आहे. दोघेही राज्याराज्यांची तुलना करतात. केरळ असे, गुजरात तसे, बिहार अजून तिसरे. महाराष्ट्र हे एक राज्य म्हणून मोजले की मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या सरासरीखाली भूम-परंडा झाकले जातात.

पण आधी जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. दारिद्र्य कमी झाले आहे. तेंडुलकर समितीच्या रेषेने मोजले तर २००४-०५ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ३८ टक्के लोक गरीब होते, २०११-१२ मध्ये ते सुमारे १७ टक्क्यांवर आले. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार २०१५-१६ मध्ये राज्यातील साधारण १५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये ते ८ टक्क्यांच्या आत आले. धाराशिवच्या गावांत फिरणाऱ्याला हे आकडे खोटे वाटणार नाहीत. कुडाच्या भिंती गेल्या, पत्रे आणि विटा आल्या. पायलीभर ज्वारीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ आता क्वचित कोणावर येते. ‘वाढीमुळे काहीच झाले नाही’ असे म्हणणाऱ्याने मराठवाड्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही बाईशी दहा मिनिटे बोलावे.

आक्षेप सुरू होतो तो यानंतर. तेंडुलकर समितीची ग्रामीण रेषा २०११-१२ मध्ये देशपातळीवर दरडोई दरमहा ८१६ रुपये होती, म्हणजे दिवसाला सुमारे २७ रुपये. या रेषेच्या थोडे वर असलेले कुटुंब गरीब नाही असे नोंदले जाते. त्या कुटुंबाच्या विहिरीला पुढच्या वर्षी पाणी राहिले नाही तर काय, याचे उत्तर त्या नोंदीत नाही. अनिरुद्ध कृष्ण यांनी ‘वन इलनेस अवे’ या पुस्तकात दाखवले आहे की, एकाच गावात, एकाच काळात काही घरे दारिद्र्यातून वर येत असतात आणि काही खाली जात असतात. खाली जाण्याचे मोठे कारण असते आजारपण. टक्केवारी आपल्याला या दोन प्रवाहांची फक्त वजाबाकी सांगते. वरून पाहणाऱ्याला संथ पाणी दिसते. धाराशिवसारख्या कोरडवाहू, सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसाच्या आणि तोही लहरी असलेल्या जिल्ह्यात ही वजाबाकी फार फसवी ठरते. इथे वाढ मोजायची असेल तर चांगल्या वर्षात मोजून उपयोग नाही.

सुरुवात कुठून झाली, हेही पाहिले पाहिजे. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी १९६० ते १९९४ या काळातील पंधरा राज्यांचा अभ्यास केला. शेतीचे उत्पादन वाढले की दारिद्र्य सगळीकडे जवळपास सारखेच घटते. शेतीबाहेरची वाढ मात्र काही राज्यांत गरिबांना उचलते आणि काही राज्यांत त्यांच्या डोक्यावरून निघून जाते, असे त्यांना आढळले. फरक पडतो तो आरंभीच्या स्थितीने, आणि त्यात साक्षरतेचा वाटा मोठा. आता मराठवाड्याची आरंभीची स्थिती आठवावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत, लोकांची भाषा मराठी. शेजारच्या सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हा या भागातून जात होती ती बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी. लातूर-कुर्डुवाडी हा मार्ग रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. (याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगरहून गाड्या भरून कापड भडोचला जात असल्याची नोंद आहे. निर्यात नोंदली गेली. विणकर काय खात होता याची नोंद कोणी ठेवली नाही. आकडेवारीची ही सवय दोन हजार वर्षांची दिसते.)

आता १९७१-७२ कडे येऊ, कारण आपल्या वादाचा गाभा तिथे आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दशकभराच्या विकासाचे फळ मुख्यतः वरच्या थरांना मिळाले, तळच्या थरांची स्थिती जेमतेम तशीच राहिली किंवा थोडी खालावली, असा त्यांचा निष्कर्ष होता. जमिनीच्या फेरवाटपाने प्रश्न सुटेल, हे त्यांना मान्य नव्हते, कारण वाटायला पुरेशी जमीनच नाही. त्यांचा उपाय होता सार्वजनिक कामांतून रोजगार, आणि त्याचा खर्च सधनांवर. पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच बहात्तरचा दुष्काळ आला. मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा हे सारे मराठवाड्याच्या बोलण्यात अजून आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पिके बुडाली, जनावरे गेली, पण बंगालसारखा माणसे मारणारा दुष्काळ झाला नाही. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळावर पुढे सविस्तर लिहिले आणि श्रेय या कामांना दिले.

या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या आधीच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण हमीला पैसा कुठून आणायचा? इथे महाराष्ट्राने जे केले त्याची चर्चा वाढीच्या वादात फारशी होत नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी हा कर द्यायचा, तो रोजगार हमीसाठी वापरायचा आणि राज्य सरकारने त्यात तेवढीच भर घालायची. म्हणजे मुंबईत फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले काही रुपये परंड्याच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या हजेरीपटापर्यंत पोचत होते. भगवतींचा दुसरा मार्ग तो हाच, आणि सेन-द्रेझ ज्याला सार्वजनिक कृती म्हणतात तीही हीच. दोन्ही पक्ष ज्यावर दावा करू शकतील अशी ही एक गोष्ट आपल्याकडे होती. धरणात पाणी साठले म्हणजे शेत आपोआप भिजत नाही. पाट काढावा लागतो. व्यवसाय कर हा तो पाट होता.

त्या पाटाचे पुढे काय झाले? राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. आजही ती २,५०० रुपयेच आहे. या काळात किमती किमान दहा पटींनी वाढल्या, पुण्या-मुंबईचे पगार त्याहून कितीतरी अधिक. पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची ती ओळ आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. कोट्यवधी मिळवणारा अधिकारीही तेवढाच कर देतो. वाढ झाली, तिच्यापासून गरिबापर्यंत जाणारा पाट मात्र १९८८ च्या रुंदीचाच राहिला. योगायोग असा की त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाशी जोडून जवळपास दुप्पट करावी लागली, आणि त्यानंतर कामावरची हजेरी घटली. मजुरांची गरज संपली म्हणून घटली की कामेच कमी काढली म्हणून? रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी हे तपासले आणि कामांची एक प्रकारची रेशनिंग सुरू झाल्याचे दाखवले. पुढे १९९० पासून योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. बागा झाल्या, चांगले झाले. पण झाड लावायला स्वतःची जमीन लागते. मजुरासाठी काढलेला पाट हळूहळू सातबारा असणाऱ्याच्या बांधाकडे वळला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने अकुशल मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला हे खरे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या आकड्याकडे पुन्हा येऊ.

१९८३ मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणाला या अहवालाने दिला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींचा, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा. अहवालाची शिस्त आजही वाचनीय आहे. तरी एक गोष्ट खटकते. १९७१ चे दांडेकर माणसाचे ताट मोजत होते, किती उष्मांक, किती रुपये. १९८४ चे दांडेकर जिल्ह्याचे रस्ते, सिंचन, वर्गखोल्या मोजतात. समितीला नेमून दिलेले कामच ते होते, हे मान्य. पण त्यानंतर तीस वर्षे मराठवाड्याची सगळी भाषा अनुशेषाची झाली, आणि अनुशेष भरला म्हणजे गरिबी हटली असा एक आडाखा रूढ झाला. २०१३ च्या केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे पाहायचे ठरवले, हे एक पाऊल पुढे. तालुक्याच्या आत, एकाच शिवारात, कॅनॉलच्या या अंगाला आणि त्या अंगाला काय होते, तिथवर कोणताही अहवाल उतरला नाही.

तिथे उतरायचे तर उसाच्या फडात जावे लागते. धाराशिवची स्वतःची म्हणून जी वाढ झाली ती बरीचशी उसाची. ढोकीचा तेरणा कारखाना ही एकेकाळी जिल्ह्याची शान होती. तो कर्जात रुतून कित्येक वर्षे बंद राहिला, नळदुर्गच्या तुळजाभवानी कारखान्याचीही तीच गत झाली, जिल्हा बँक अडचणीत आली आणि ठेवीदार हेलपाटे घालत राहिले. मग खासगी कारखाने आले. गाळप वाढले, इथेनॉल आले, जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यात हे सारे दिसते. एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते असा हिशोब मांडला जातो. तेवढे पाणी ज्याच्या बोअरला आहे त्याची वाढ झाली. शेजारच्याचा बोअर आटला. २०१९ मध्ये औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात उसावर बंदी घालावी असा अहवाल दिला, तो बासनात गेला. एका शेतकऱ्याची वाढ दुसऱ्याच्या विहिरीतून होत असेल तर दोघांची बेरीज करून आलेल्या आकड्याला वाढ म्हणावे का, हा खरे तर अर्थशास्त्राचा अगदी पहिला धडा आहे.

आणि ऊस तोडतो कोण? कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि थेट कर्नाटकात. जिल्ह्यात कारखाने असताना जिल्ह्यातले मजूर बाहेर का जातात? यान ब्रेमन यांनी गुजरातमधल्या बारडोलीत हाच प्रश्न विचारला होता. तिथे ऊस तोडायला खानदेशातून मजूर आणत आणि बारडोलीचे हळपती घरी बसत. परका मजूर फडाशेजारी कोपीत राहतो, रात्रीची गाडी भरायला हाक मारली की उठतो, भांडण झाले तरी घरी जाऊ शकत नाही. स्थानिक मजुराला संध्याकाळी घर असते, हीच त्याची अडचण. महाराष्ट्रात याला उचलीची जोड आहे. मुकादम पावसाळ्यातच जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, रोख रक्कम देतो. ती आता लाखाच्या घरात गेली आहे. २०२४ च्या सुरुवातीच्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. म्हणजे जोडप्याचे ७३२ रुपये, माणशी ३६६. रोजगार हमीच्या ३१२ पेक्षा ५४ रुपये जास्त, तेही पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे. हंगाम १३० दिवस चालला तर हाती ९५ हजार. उचल फिटते न फिटते तोच पुढची उचल घ्यायची वेळ येते. दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात हे जोडपे रेषेच्या वर दिसण्याचीच शक्यता जास्त, कारण ते खर्च करते. तो खर्च पुढच्या वर्षीच्या अंगमेहनतीतून आधीच केलेला आहे, हे विचारणारा रकाना तिथे नाही.

सोयाबीनची कथा थोडक्यात सांगता येईल. ज्वारीच्या जागी ते आले, नगदी पैसा आला, अनेक घरे त्यावर उभी राहिली. पण ज्वारी पडल्या भावातही घरात खाता येते आणि कडबा जनावरांना होतो; सोयाबीन विकावेच लागते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि शेतकऱ्याचे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर घसरला. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत त्याच्याही खाली सौदे होत होते. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही टोमॅटोचा भाव कोसळल्याची कथा ज्यांनी शाळेत वाचली त्यांना हे नवे नाही. नवा आहे तो विमा. २०२० च्या खरिपात काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन गेले. भरपाईसाठी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले, २०२२ च्या मे महिन्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या घराला पुढच्या पेरणीचे बियाणे घ्यायचे आहे त्याच्यासाठी दोन वर्षांनी मिळालेला निकाल कितपत उपयोगाचा?

खरा विमा अजूनही दावणीलाच बांधलेला असतो. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे. काळी, काटक, बहुधा जुळी देणारी, कोरड्या माळावर जगणारी. भूमिहीन बाईला ही शेळी जे देते ते कोणतीही बँक देत नाही : आजारपणात एक विकता येते, उरलेल्या राहतात. जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्यात तिची ओळ कारखान्याच्या मानाने अगदी बारीक असेल. वाईट वर्षात घर तगवण्याच्या तक्त्यात ती पहिली येईल. आज बालाघाटच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहात आहेत आणि मोबदल्याचे वाद गावोगाव चालू आहेत. वाद होतो तो जमीनमालक आणि कंपनीत. माळावर शेळ्या चारणारी बाई त्या वादात पक्षकारच नाही.

राहिला तो थेट मार्ग, रोजगाराचा. तो धाराशिवला मिळाला, पण धाराशिवमध्ये नाही. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, या जिल्ह्याची साडेअकरा टक्क्यांनी. एवढा फरक केवळ कमी जन्मांचा नसावा. पुण्याच्या चाकण, भोसरी, वाघोलीत धाराशिवची बोली ऐकू येते : कंपनीत हेल्पर, रात्रीचा वॉचमन, सेंटरिंगचा मिस्त्री, रिक्षावाला. त्यांच्या पैशाने गावात घरे बांधली गेली. वाढीने दारिद्र्य हटवले याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो दडवण्याचे कारण नाही. पण मग वाक्य नीट लिहावे : पुण्याच्या वाढीने धाराशिवच्या त्या माणसांचे दारिद्र्य कमी केले ज्यांना जाता आले. दहावी झालेला, अंगाने धड, नात्यातला कोणी आधी गेलेला, असा मुलगा जातो. विधवा बाई, म्हातारा बाप, दोन एकर मुरमाड रान मागे राहते. कोयत्यावर जाणाऱ्याचेही जाणेच, पण त्याची वाट वर्तुळाकार आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात पावसाने या दुष्काळी जिल्ह्याला पुरात बुडवले. परंडा-भूममध्ये सीनेच्या काठची माती वाहून गेली, जनावरे दावणीला मेली, माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. मदतीच्या घोषणा झाल्या. राज्याचा विकासदर या वर्षीही बरा असेल. संशोधन करू पाहणाऱ्या तरुणांनी नव्या सर्वेक्षणाची वाट न पाहता तीन कागद शोधावेत असे मला वाटते. बाजार समितीतल्या शेळ्यांच्या आठवडी बाजाराची आवक-नोंद : पुरानंतरच्या महिन्यांत किती माद्या विकल्या गेल्या. रोजगार हमीच्या कामाच्या मागणीचे अर्ज, आणि त्यांतल्या किती अर्जांना पंधरा दिवसांत काम मिळाले. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली हंगामी वसतिगृहांची पटसंख्या. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी ही वसतिगृहे चालतात. काही मुले त्यांत राहतात, काही फडावर जातात आणि मार्चनंतर पुन्हा वर्गात दिसतात किंवा दिसत नाहीत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्या याद्या तयार होत असतील.